“मनाने वाजवा” म्हटलं की गोंगाट होतो, तर काय करायचं?

भांडुपच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न असा आहे: वर्गात ४२ मुलं, वाद्य एकही नाही, सरांना स्वतःला तबला-पेटी येत नाही आणि शेजारच्या वर्गाशी मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. ठरवून दिलेल्या टाळ्या मुलं नीट वाजवतात. पण “आता आपापल्या मनाने वाजवा” म्हटलं की निम्मी मुलं बाक बडवायला लागतात आणि उरलेली शेजाऱ्याकडे बघत नुसती टाळी, टाळी, टाळी करत बसतात. मुलांना स्वतःहून ताल रचायला शिकवता येतं का? येत असेल तर मूल्यमापनाच्या वहीत त्याची नोंद काय करायची?

सर, शिकवता येतं. मी गेली २४ वर्षं मुंबईतल्या प्राथमिक शाळांमध्ये संगीत शिकवते आहे आणि यातली बरीचशी वर्षं तुमच्यासारख्याच वर्गांमध्ये गेली आहेत. सुरुवातीला मीही हेच वाक्य म्हणायचे आणि माझ्याही वर्गात हेच व्हायचं. अडचण त्या वाक्यात आहे. “मनाने” म्हटलं की आठ वर्षांच्या मुलासमोर एकदम मोकळं मैदान येतं. कुठून सुरू करू, किती वाजवू, थांबायचं कधी, चुकलो तर कोण हसेल? धीट मूल बाक बडवून मोकळं होतं, बुजरं मूल शेजाऱ्याची टाळी उचलतं. दोघंही अडलेली असतात एकाच जागी.

आपल्या संगीतात आयत्या वेळी सुचून वाजवण्याला ‘उपज’ म्हणतात. उपज यायची तर खाली जमीन लागते. तबलावादक तासभर एकटा वाजवतो तेव्हा शेजारी पेटीवर किंवा सारंगीवर कोणीतरी एकच छोटी चाल न कंटाळता फिरवत बसलेलं असतं. त्याला लेहरा किंवा नगमा म्हणतात. ऐकणाऱ्यांचं लक्ष तिकडे फारसं जात नाही, पण तबलावादक वाटेल तेवढा लांब भटकून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तो त्या लेहऱ्याच्या जिवावर. परत कुठे यायचं हे त्याला सतत ऐकू येत असतं. तेव्हा मुलांना आधी लेहरा द्या. मोकळीक त्यानंतर, आणि तीही चिमूटभर.

लेहरा म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आठ मात्रांचा केरवा घ्या. मुंबईच्या मुलांच्या कानात तो असतोच, भजनातून, मिरवणुकीतून, वरातीतून. त्यावर ही चाल म्हणायची, एका मात्रेला एक स्वर:

सा रे ग म | ग रे सा नी

शेवटचा नी खालचा. तो आपोआप पुढच्या सा कडे ओढतो, म्हणून चाल संपल्यासारखी वाटत नाही, गोल फिरत राहते. स्वर नीट लागले नाहीत तरी इथे बिघडत नाही, ‘ला ला’ म्हटलं तरी चालेल. पहिल्या मात्रेला टाळी द्यायची, ती सम. पाचव्या मात्रेला टाळी न वाजवता हात बाजूला उघडायचा, ती खाली. पहिले तीन-चार दिवस एवढंच करा. घाई करावीशी वाटेल, करू नका. तुम्ही मध्येच गप्प झालात तरी वर्गाची चाल चालू राहते, असा दिवस आला की जमीन तयार झाली.

लयीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बऱ्याच वर्गांचं काम इथेच बिघडतं. मिनिटाला ९० मात्रा ठेवा, म्हणजे सेकंदकाटा दोनदा सरकेपर्यंत तीन. तुम्हाला ती जरा जलद वाटेल. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते आणि वयाबरोबर ती संथ होत जाते. आपण आपल्या सोयीने सेकंदाला एक अशी टाळी देतो तेव्हा सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन टाळ्यांमधली एवढी मोठी पोकळी धरून ठेवता येत नाही. ते पुढे धावतं आणि आपण त्याच्या नावावर ‘बेताल’ असा शिक्का मारतो. बेताल मूल मला इतक्या वर्षांत फार क्वचित भेटलं आहे. चुकीच्या लयीत अडकलेली मुलं मात्र पुष्कळ भेटली.

वर्ग म्हणून सगळे एकत्र वाजवायला लागले की लय पळते, हा वेगळा त्रास. टाळी वाजल्यावर हात जवळच थांबले की पुढची टाळी लवकर पडते. म्हणून टाळी झाली की दोन्ही हात खांद्याएवढे उघडायचे आणि मगच परत आणायचे. मधला वेळ हाताच्या हालचालीने भरला की मूल तो खात नाही. “हळू, हळू” असं ओरडून लय कधीच उतरत नाही. उलट चाल कुजबुजत म्हणायला लावा, लय लगेच बसते. शेजारच्या वर्गाची काळजीही त्यात थोडी मिटते. बाकीची काळजी मिटवायला टाळीऐवजी एका हाताची दोन बोटं दुसऱ्या तळव्यावर वाजवायची. ४२ मुलांची दोन बोटं म्हणजे पत्र्यावरचा रिमझिम पाऊस. मुलांना तो आवाज इतका आवडतो की भिंत नसली तरी ती तेच मागतील.

आता ‘बोल’, म्हणजे ठोक्यांसाठी तोंडाने म्हणायचे शब्द. हातात यायच्या आधी ताल तोंडात आला पाहिजे, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. उस्ताद झाकीर हुसेन माहीममध्ये वाढले. नवजात बाळ म्हणून घरी आणल्यावर वडिलांनी, उस्ताद अल्लारखाँनी, आपल्या कानात तबल्याचे बोल म्हटले, अशी आठवण ते मुलाखतींमध्ये सांगत. प्रत्येकाच्या घरी अल्लारखाँ नसतात, पण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडात शब्द असतात. तिसरीच्या मुलाला धा-तिट-धागे शिकवायची गरज नाही. तुमची शाळा मध्य रेल्वेवर आहे, स्टेशनं घ्या. दादर, कुर्ला, ठाणे यांना दोन-दोन ठोके. विक्रोळी, माटुंगा, भायखळा यांना तीन-तीन. मुलं ही नावं रोज ऐकतात, त्यामुळे उच्चाराचा विचार करावा लागत नाही आणि सगळं ध्यान ठोक्यावर राहतं.

एका वर्गात मी फळ्यावर ‘चिंचपोकळी’ लिहिलं आणि विचारलं, याला किती ठोके? एक मुलगी म्हणाली, तीन. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, चार. वाद सुरू झाला. तिने वाजवून दाखवलं: चिंच, पोक, ळी. त्याने वाजवलं: चिंच, पो, क, ळी. वर्ग माझ्याकडे बघायला लागला, बाई आता निकाल देणार म्हणून. मी दोन्ही फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, चार मात्रांच्या डब्यात दोन्ही बसवून दाखवा. चारवाल्याचं सरळ बसलं. तीनवालीची एक मात्रा उरली. ती क्षणभर अडली आणि मग म्हणाली, “शेवटी गप्प राहीन.” चिंच, पोक, ळी, गप. त्यावर मागून कोणीतरी लगेच, “बाई, गप मध्ये पण टाकता येईल!” चिंच, गप, पोक, ळी. मग गप सुरुवातीलाच टाकून: गप, चिंच, पोक, ळी. हे शेवटचं वाजवताना अख्खा वर्ग अडखळला, चार-पाच वेळा अडखळला, आणि जमलं तेव्हा जो आरडाओरडा झाला तो मी थांबवला नाही. एका शब्दातून दहा मिनिटांत त्यांनी चार ताल काढले होते. “मनाने वाजवा” हे वाक्य मी त्या दिवशी एकदाही उच्चारलं नव्हतं.

म्हणून ‘गप’ हा बोल पहिल्या आठवड्यापासून द्या. त्याला वाजणाऱ्या ठोक्याइतकाच मान द्या. मूल गप म्हणताना ओठ मिटून हात छातीशी घेतं, एवढी खूण ठरवली की मौन दिसायला लागतं आणि मुलं ते मोजूनमापून वापरतात. नुसती टाळी, टाळी, टाळी करणाऱ्या मुलाला यातून बाहेर काढायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे: तुझ्या चार टाळ्यांतली एक काढून टाक, कुठली ते तू ठरव. रचना तिथून सुरू होते.

बाक वाजवायला बंदी करू नका, बाकावर कसं वाजवायचं ते शिकवा. बंद मुठीच्या मऊ बाजूने फळीच्या मधोमध मारलं की खोल आवाज येतो, तो ‘धूम’. बोटांच्या टोकांनी कडेला मारलं की कोरडा, चढा आवाज येतो, तो ‘टक’. डग्गा आणि तबला यांचं नातं तेच आहे. मुलांना आपल्या बाकाचा चांगला धूम कुठे आहे हे शोधू द्या. दोन मिनिटं गोंधळ होईल, पण मग प्रत्येकाला स्वतःची जागा सापडलेली असते आणि बडवणं आपोआप कमी होतं. मूल बडवतं ते बाकातून हवा तो आवाज येत नाही म्हणून.

आता हातात तीन ध्वनी आहेत: धूम, टक, गप. डबा चार मात्रांचा. ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१ वेगवेगळे ताल. ४२ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला जवळजवळ दोन. हा आकडा मुलांना जरूर सांगा. “आता काय वाजवू, सगळं संपलं” म्हणणाऱ्या मुलाला तो फार धीर देतो. आणि चौथा ध्वनी मागितला तरी इतक्यात देऊ नका. तबल्यात ‘कायदा’ नावाची रचना असते. कायदा म्हणजे नियमच. धाधा तिट धाधा तूना असा मुखडा घेतला की त्याचे पलटे करताना याच बोलांना उलटंपालटं करायचं, बाहेरचा बोल आत आणायचा नाही. मोठमोठे वादक त्या कुंपणात वर्षानुवर्षं फिरले आहेत. आपल्या मुलांना तीन ध्वनी पुरतात.

चिमूटभर मोकळीक म्हणजे किती, तर सुरुवातीला एका मात्रेएवढी. आधी चार-पाच दिवस नुसती नक्कल: मी वाजवते, तुम्ही तसंच वाजवा. मग मी म्हणते, माझं पहिलं तीन मात्रांचं तसंच ठेवा, चौथी तुमची. मी ‘टक टक धूम गप’ वाजवलं तर कोणी ‘टक टक धूम टक’ करेल, कोणी ‘टक टक धूम धूम’. एवढाच बदल, पण तो त्याचा स्वतःचा. इथे एकही मूल अडत नाही, कारण तीन चतुर्थांश रस्ता चालून झालेला असतो. मग शेवटच्या दोन मात्रा त्यांच्या. मग सवाल-जवाब: चार मात्रा मी विचारणार, चार मात्रा तू उत्तर देणार. मुलं सवाल-जवाब हा शब्द पटकन पकडतात. उत्तर म्हणजे नक्कल नाही, पण प्रश्नाशी त्याचं काहीतरी नातं पाहिजे, हे समजावून सांगावं लागत नाही. मी प्रश्नात शेवटी मोठा धूम ठेवला की त्यांच्या उत्तरातही तो कुठेतरी येतोच.

यापुढची पायरी मला सगळ्यात आवडते. धृपद आणि कडवं. सगळा वर्ग आठ मात्रांचं ठरलेलं धृपद वाजवतो, मग एक मूल आठ मात्रा आपल्या मनाचं वाजवतं, की लगेच पुन्हा सगळे धृपद, की पुढचं मूल. आरतीत, भजनात मुलांनी हा आकार हजारदा अनुभवलेला असतो. मधे थांबणं नाही, “आता तू” असं नाव पुकारणं नाही, बाकाच्या ओळीने पाळी पुढे सरकते. हिशेब करा: ४२ मुलं, प्रत्येकाच्या पाळीला धृपद धरून १६ मात्रा, एकूण ६७२. मिनिटाला ९० च्या लयीने साडेसात मिनिटांच्या आत अख्खा वर्ग एकट्याने वाजवून होतो. धृपद आणि पाळी चार-चार मात्रांची केली तर पावणेचार मिनिटांत. परिपाठ संपल्यावर रोज एवढा वेळ निघतो. आठवड्याच्या एका तासिकेपेक्षा रोजची सात मिनिटं कितीतरी जास्त काम करतात, हे मी दोन्ही करून पाहून सांगते.

जर्मनीत कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड कीटमन यांनी, म्युनिकमध्ये १९२४ साली सुरू झालेल्या एका शाळेतल्या कामातून, मुलांसाठी जी संगीतपद्धती उभी केली, तिच्यातही हेच आहे: शब्दांतून ताल, टाळी-चुटकी-मांडी-पाय, खाली सतत चालणारा ठेका आणि वर एकेकाची पाळी. इंग्रजी शाळांतले शिक्षक तिचं महागडं प्रशिक्षण घेऊन येतात आणि आपल्याला वाटतं, हे आपल्याला कुठे जमणार. तुमच्याकडे ठेका आहे, बोल आहेत, धृपद आहे. जमेल.

पाळी चालू असताना तुम्ही काय करायचं, हे महत्त्वाचं. ठेका तुमच्याकडे ठेवा आणि कोणासाठीही थांबवू नका. मूल चुकलं, गडबडलं, सहा मात्रांतच संपलं, तरी ठेका चालू. उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या जातील, मग वर्ग समेवर येईल आणि ते मूलही त्यांच्याबरोबर येईल. चुकीला याहून मोठी शिक्षा नको आणि याहून मोठी मदतही नको. तुम्ही थांबून “पुन्हा कर” म्हणालात की सगळ्या वर्गाला कळतं, इथे चूक मोजली जाते. त्यानंतर नव्यातलं काही कोणी करून बघत नाही.

एका वर्गात एक मुलगी होती. तिची पाळी आली की ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. आठही मात्रा. वर्ग पुढे जायचा. असं नऊ-दहा दिवस चाललं. मुलं मला सांगायची, “बाई, ती वाजवतच नाही.” मी म्हणायचे, ती गप वाजवते आहे, आठ गप. माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं, पाचव्या मात्रेला तिचा अंगठा हलायचा. खाली तिला बरोबर कळत होती. मग एक दिवस तिने सात मात्रा तशाच जाऊ दिल्या आणि आठवीला, समेच्या अगदी तोंडाशी, एक टक दिला. बस्स, एकच. पुढची सम जी आली ना, अख्ख्या वर्गाच्या अंगावर आली. त्या दिवशी आणखी तीन-चार मुलांनी आपल्या पाळीत तसंच करून पाहिलं. पुढे ती बरंच वाजवायला लागली, पण इतका नेमका ठोका त्या वर्षी दुसऱ्या कोणाला जमला नाही.

याच्या उलट एक मुलगा. घरातले बेंजो पार्टीत, गणपतीत ताशावर बसणारा. त्याच्या पाळीत एकही मात्रा रिकामी नसायची, तडतड तडतड, हात खरोखर तयार. बाकीची मुलं त्याच्याकडे बघून आपलं वाजवणं सोडून द्यायची. मी त्याला एकदा सांगितलं, “आजपासून तुझ्या आठ मात्रांत फक्त तीन ठोके.” त्याला राग आला. दोन दिवस त्याने पहिल्या तीन मात्रांवर ठोके मारून टाकले आणि उरलेल्या पाच मात्रा माझ्याकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पहिला ठोका दोन मात्रांच्या मधोमध टाकला. सगळ्यांनी एकदम मान वर केली. त्यानेच केलेलं, पण त्यालाही आश्चर्य वाटलं होतं. हात तयार असलेल्या मुलाला मोकळं सोडलं की ते पाठ असलेलंच वाजवत राहतं. त्याला आवळून धरावं लागतं, तेव्हा ते नवीन शोधतं.

मुंबईच्या वर्गाची एक श्रीमंती आहे, ती वापरा. एका बाकावर कोकणातली जाखडी पाहिलेलं मूल असतं, दुसऱ्यावर हलगी ऐकलेलं, तिसऱ्यावर आजीबरोबर फुगडी घातलेलं, कोळीवाड्यातलं एखादं. “तुझ्या गावाला काय वाजतं?” असं विचारा आणि त्यांनी तोंडाने म्हणून दाखवलेले चार ठोके दुसऱ्या दिवशीचं धृपद करा. ज्याचं धृपद झालं तो आठवडाभर शाळा बुडवत नाही.

चौथीच्या वर्गाला मी एक जास्तीचा खेळ देते. लघु म्हणजे एक मात्रेचा ठोका, गुरू म्हणजे दोन मात्रांचा. लघु-गुरू वापरून चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतात? मुलं फळ्यावर येऊन शोधतात आणि पाच सापडतात: चार लघु; गुरू-लघु-लघु; लघु-गुरू-लघु; लघु-लघु-गुरू; आणि दोन गुरू. मग तीन मात्रांच्या किती? तीन. दोनच्या दोन. आता पाच मात्रांच्या किती होतील ते न मांडता सांगा. कोणीतरी एक जण फळ्याकडे बघत आकड्यांचं गुपित ओळखतो: मागचे दोन मिळवायचे, आठ. आपल्या आठ मात्रांच्या केरव्याच्या ३४. हे आकडे आपल्याकडच्या छंदशास्त्राच्या अभ्यासकांनी काढले. हेमचंद्रांनी ते १२ व्या शतकात मांडले, युरोपात फिबोनाचीने १२०२ साली लिहिण्याच्या आधी. कवितेतल्या मात्रा मोजता मोजता ते तिथे पोचले. गणिताच्या तासाला हे घेतलंत तरी कोणी हरकत घेणार नाही, आणि नंतर त्या पाचही तऱ्हा टाळ्यांनी वाजवायच्याच.

मोकळ्या पाळीचा शेवट कसा करायचा, हे मुलं पंधरा दिवसांत स्वतःच विचारतात. त्यांना तिहाई द्या. एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडला पाहिजे. आठ मात्रांच्या चक्रात तीन ठोक्यांचा शब्द फार सुरेख बसतो:

विक् रो ळी | विक् रो ळी | विक् रो ळी

तीन त्रिक नऊ. समेपासून सुरू केलं तर आठ मात्रा संपतात आणि नववा ठोका, शेवटचा ‘ळी’, पुढच्या समेवर येतो. घाटकोपरने होतं, माटुंग्याने होतं, वडापावने तर होतंच. पण दादर घेऊन पाहिलं की दोन त्रिक सहा, गाडी सहाव्या मात्रेवरच थांबते. मग दादर सुरू कुठून करायचं? हा प्रश्न वर्गाला द्या आणि उत्तर सांगू नका. चौथ्या मात्रेपासून, हे मुलं बोटं मोजून, चुकून, भांडून शोधतात. नंतर कोणीतरी मधे एकेक गप टाकून बघतो: दा, दर, गप, दा, दर, गप, दा, दर. मग दुसऱ्या मात्रेपासून उचलावं लागतं. तबल्याच्या भाषेत ही दमदार तिहाई आणि आधीची बेदम. मधल्या श्वासाला दम म्हणतात, हे कळल्यावर मुलं तो श्वास खरोखर घेतात.

पहिली-दुसरीला मात्र यातलं अर्धंच करा. चार मात्रांचा डबा, दोन ध्वनी, सवाल-जवाबापर्यंत. पायाने ठेका आणि हाताने वेगळं काही, असं सात-आठ वर्षांच्या आत बहुतेकांना जमत नाही, मागू नका. मोबाइलवरचा तयार ठेकाही सुरुवातीला टाळा. मुलं अडखळली की तो त्यांना सांभाळून घेत नाही, तुम्ही घेऊ शकता. स्नेहसंमेलनात हे बसवण्याचा आग्रह झाला तर धृपद तेवढं बसवून द्या. स्टेजसाठी पाठ केलेली उपज मुलांनाही खोटी वाटते. मी एक वर्ष ते केलं होतं, आणि जूनमध्ये तीच मुलं वर्गात तेच पाठ केलेलं वाजवायला लागली. ते पुसायला दिवाळी उजाडली.

कौतुकाबद्दल एवढंच: प्रत्येकाला “छान, छान” म्हणू नका. जे ऐकलं ते सांगा. “तू तिसऱ्या मात्रेला गप राहिलास.” “तिने तुझा शेवट उचलला आणि उलटा केला.” आपण जे केलं ते बाईंना, सरांना ऐकू आलं, एवढं मुलाला पुरतं, आणि ते पुन्हा करायचं की नाही हे मग ते ठरवू शकतं.

आता नोंदींचं. वर्णनात्मक नोंदी असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. ‘तालात रुची घेतो’ असं सगळ्यांना एकच वाक्य लिहू नका. रोजच्या पाळीत चार-पाच मुलांकडेच लक्ष ठेवा, दहा दिवसांत वर्ग पुरा होतो, आणि तीनच गोष्टी बघा: समेवर येतो का, गप स्वतःहून वापरतो का, दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं बदलतो का. माझ्या वहीतल्या काही नोंदी देते, त्यावरून तुम्हाला अंदाज येईल.

‘मधे गडबडतो, पण सम सोडत नाही.’
‘शेजारणीचा ताल उचलते, शेवटची मात्रा नेहमी बदलते.’
‘तोंडाने बोल स्पष्ट, हात अजून मागे. घाई नको.’
‘सलग आठ गप. आज आठव्या मात्रेला एक टक.’